ध्रुवपद कोण धरतो? : मराठी भावगीतातील विषाद आणि अंतःसंघर्ष

मराठी समीक्षेने भावगीताची दखल घेतली ती बहुधा तक्रारीच्या स्वरात. काव्याच्या अभ्यासकाला ते पातळ वाटले. संगीताच्या अभ्यासकाला ते शब्दांच्या भाराखाली वाकलेले वाटले. या तक्रारींतील सर्वांत गंभीर तक्रार अशी की, भावगीतात दुःख उदंड आहे, पण द्वंद्व नाही. सायंकाळ आहे, हुरहूर आहे, विरह आहे. परंतु स्वतःशी झगडणारे मन तेथे क्वचितच भेटते. हा आक्षेप पुष्कळ अंशी खरा आहे. मात्र त्याचे कारण कवींच्या वृत्तीत किंवा मध्यमवर्गीय अभिरुचीच्या हळवेपणात शोधले की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो आणि प्रत्यक्षात तसाच राहतो. ज्या कवींच्या कवितेत अंतःसंघर्ष तीव्र आहे त्यांच्याच कविता गीतरूप पावल्यावर मवाळ का होतात, आणि त्यांतल्या काही का होत नाहीत, हे वृत्तीवरून सांगता येत नाही. त्यासाठी गीताच्या रूपबंधाकडे, विशेषतः ध्रुवपदाच्या इतिहासाकडे वळावे लागते.

भरताने ‘नाट्यशास्त्रा’त विषादाला तेहतीस व्यभिचारी भावांमध्ये जागा दिली आहे. हाती घेतलेले कार्य तडीस न जाणे, दैवाने घात करणे ही त्याची कारणे होत. व्यभिचारी भाव येतो, स्थायी भावाला पुष्ट करतो आणि ओसरतो. त्याचे स्वतंत्र राज्य नसते. शोक स्थायी आहे, त्याचा करुण रस होतो. विषादाचा रस होत नाही. विषाद ही अडलेल्या कृतीची अवस्था आहे, आणि कृती पुढे सरकली किंवा सोडून दिली की ती अवस्था संपावी, हे या व्यवस्थेत गृहीत आहे. ‘भगवद्गीते’चा पहिला अध्याय याचे सर्वपरिचित उदाहरण होय. अर्जुनाच्या विषादाला समोर ऐकणारा आहे, आणि उरलेले सतरा अध्याय हे त्याचे उत्तर आहे. ‘ज्ञानेश्वरी’च्या द्वारे (१२९०) विषाद मराठीत स्थिरावला तो असा, संवादाचा पूर्वार्ध म्हणून.

तुकारामांच्या अभंगांत हा संवाद एकतर्फी झाला. देव पुष्कळदा बोलत नाही. मनाशी चाललेली लढाई कवीलाच लढावी लागते, तीच तीच कबुली पुन्हा द्यावी लागते. आधुनिक वाचकाला, थेट दिलीप चित्रे यांच्या ‘पुन्हा तुकाराम’पर्यंत (१९९०), या अभंगांत एकाकी आत्मशोधक दिसला हे स्वाभाविक होते. परंतु हे दर्शन छापील पानावरचे आहे. अभंगाचे दुसरे घर म्हणजे कीर्तन. तेथे कीर्तनकार चरण म्हणतो आणि मागे उभे असलेले टाळकरी ध्रुवपद धरतात. आपण पतित आहोत, आपल्या हातून काही झाले नाही, ही कबुली एका कंठातून निघते आणि क्षणात वीस कंठांची होते. ‘मी’ हा येथे कोणालाही अंगावर घेता येणारा अंगरखा असतो. संघर्ष सुटतो असे नव्हे. पण तो एकट्याचा राहत नाही. पोवाड्यातील झिलकरी हेच काम वेगळ्या रसात करतात. जात्यावरच्या ओवीत टाळकरी नसले तरी दळणाऱ्या दुसऱ्या बाईचा हात खुंट्यावर असतो, आणि कोणी नसेल तर जात्यालाच हाक मारली जाते. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून संकलित झालेल्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. त्यांत सासुरवासाचे आणि माहेरच्या ओढीचे दुःख ओतप्रोत असले तरी ऐकणारे कोणी नाही अशी ओवी विरळाच.

ध्रुवपद म्हणजे गीताची केवळ पुन्हा येणारी ओळ नव्हे. ती कोणी तरी धरायची असते, ही जाणीव या सर्व प्रकारांत आहे. ‘ध्रुवपद धरणे’ हा भाषिक प्रयोगच ती सांगतो. मराठी भावगीताचा इतिहास हा ध्रुवपद धरणारे निघून गेल्यानंतरचा इतिहास आहे.

या निर्गमनाची पूर्वतयारी अर्थातच कवितेने केली होती. केशवसुतांच्या ‘हरपले श्रेय’मध्ये किंवा बालकवींच्या ‘औदासीन्य’मध्ये जे दुःख आहे त्याला नाव नाही. कारण ठाऊक नसणे हाच त्याचा विशेष आहे. कारण नाही म्हणून उपायही नाही, आणि उपाय विचारण्यासाठी समोर कोणी नाही. भरताच्या परिभाषेत बोलायचे तर येथे व्यभिचारी भाव स्थायीच्या आसनावर बसू पाहतो. १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात बालकवींचा मृत्यू झाला, तोपर्यंत मराठी कवितेत हा नवा विषाद रुजला होता. पण तो वाचायचा विषाद होता. वृत्तात चालीवर म्हटला गेला तरी गाण्याचा नव्हता.

रंगभूमीवर नेमकी उलट वाटणी झालेली दिसते. ‘एकच प्याला’ हे नाटक गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर, १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. त्यातील अंतःसंघर्ष सुधाकराचा. शपथ घेणारा आणि मोडणारा तोच. परंतु त्याचा झगडा गद्यात आहे, आणि वि. सी. गुर्जरांची जी पदे बालगंधर्वांच्या कंठातून महाराष्ट्रभर गेली ती सिंधूची. द्वंद्व गद्याने घ्यावे आणि दुःख गाण्याने, स्त्रीच्या भूमिकेतून आलेल्या गाण्याने घ्यावे, ही श्रमविभागणी भावगीताला वारशात मिळाली. तिचा पुरेसा विचार झालेला नाही.

रविकिरण मंडळाच्या (१९२३) कवींनी काव्यगायनाची प्रथा लोकप्रिय केली आणि कविता पुन्हा कानाकडे वळली. त्याआधीपासून ग्वाल्हेरच्या भा. रा. तांबे यांच्या मनात कविता आणि गीत ही निराळी नव्हतीच. मात्र निर्णायक बदल घडवला तो यंत्राने. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी ध्वनिमुद्रित केली, आणि मराठी भावगीताची गणना सामान्यतः तेथून केली जाते. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. या अवकाशात ध्रुवपद आणि दोन-तीन अंतरे मावतात. दीर्घ कविता तबकडीवर जाताना तिची काही कडवी गळणे अपरिहार्य होते. कोणते कडवे गळण्याचा धोका अधिक? ज्यात कविता वळण घेते, आधीच्या विधानाला हरकत घेते, ते. कारण चालीच्या दृष्टीने तेच सर्वांत अडचणीचे. भाव सांगणारे कडवे राहते आणि भावाशी वाद घालणारे जाते.

दुसरा परिणाम अधिक खोल आहे. अंतरा संपल्यावर पूर्वी जेथे टाळकऱ्यांचा किंवा झिलकऱ्यांचा आवाज उठायचा, तेथे आता वाद्यमेळ येतो. गायक-वादकांच्या बोलीतला ‘म्युझिक पीस’ हा ध्रुवपद धरणाऱ्यांचा वारस आहे. पण तो मुका आहे. त्याला शब्द नाहीत. तो गायकाला दम घेऊ देतो, पुढच्या अंतऱ्याचे वातावरण तयार करतो, आणि बाजूला होतो. ध्रुवपदाकडे परत यायचे ते गायकाने एकट्याने. एकच माणूस तेच वाक्य चार वेळा उच्चारतो, आणि कोणी दुजोरा देत नाही, ही परिस्थिती मुळातच विषादाची आहे. शब्द कोणतेही असोत. भावगीताला उदासी चिकटली ती कवींमुळे कमी आणि या रचनेमुळे अधिक.

आणि हीच रचना अंतःसंघर्षाच्या मुळावर येते. संघर्षाला गती लागते. कडव्याच्या शेवटी मन जेथे पोचले तेथून त्याला मागे येता कामा नये. ध्रुवपद त्याला दर वेळी मागे आणते. तीन वेळा आरंभबिंदूवर परतलेले द्वंद्व चौथ्या वेळी द्वंद्व राहत नाही, मनःस्थिती होते.

तांब्यांचे ‘रिकामे मधुघट’ हे गीत या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. कविता म्हणून वाचताना तिच्यातला पेच स्पष्ट दिसतो. मागणारा जुना सखा आहे, पूर्वी त्याला भरभरून दिलेले आहे. आता देणाऱ्याकडे उरले आहे ते देवाच्या नैवेद्यापुरते, आणि दृष्टी पैलतीराकडे लागली आहे. प्रणयाची, संसाराची गोडी पुन्हा पिळून काढण्याचा आग्रह करू नकोस, अशी ही विनवणी आहे. वृद्ध कवीचा रसिकाशी आणि स्वतःच्याच पूर्वायुष्याशी चाललेला हा झगडा आहे. वसंत प्रभूंच्या संगीतात लता मंगेशकरांनी ते गायिले तेव्हा वक्ता बदलला. ऐकणाऱ्यापुढे थकलेला कवी उरला नाही; एका तरुण स्त्रीस्वराचे कारुण्य उरले. गीत नितांत सुंदर आहे यात शंका नाही. परंतु त्यातील नकाराचा काठिण्यांश वितळून गेला आहे, आणि त्याला स्वरांइतकेच ध्रुवपदही जबाबदार आहे: नकार पुन्हापुन्हा गोड चालीत दिला की तो नकार वाटेनासा होतो.

तबकडीच्या बरोबरीने मैफलही होती. गजानन वाटवे (१९१७–२००९) यांनी गणेशोत्सवातल्या चौकांतून भावगीत हजारो श्रोत्यांपर्यंत नेले. पण हा श्रोता बसून ऐकणारा होता; कीर्तनातल्यासारखा उभा राहून साथ देणारा नव्हता. आकाशवाणीने त्याला घरात नेले. येथे एक गंमतीची, पण दुर्लक्षिण्यासारखी नसलेली गोष्ट नोंदवावी लागते. ‘आपली आवड’सारख्या कार्यक्रमांत गीताआधी फर्माईश करणाऱ्या श्रोत्यांची नावे वाचून दाखवली जात: गावोगावची, घराघरांतली. नितांत एकाकी असे एखादे विरहगीत सुरू होण्यापूर्वी डझनभर नावांची यादी यायची. ध्रुवपद धरणारे असे मागच्या दाराने परतले होते. त्यांना गाता येत नव्हते. फक्त हजेरी लावता येत होती.

ऐकणारा जेथे गीताच्या आतच आहे, तेथे मात्र याच काळात याच माध्यमातून निराळे घडले. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून प्रसारित झालेल्या ‘गीतरामायणा’त ग. दि. माडगूळकरांनी छप्पन्न गीते लिहिली. त्यांत राम भरताला जे मानवी जीवनाच्या पराधीनतेविषयी सांगतो ते भरताच्या विषादाचे उत्तर आहे. समोर भरत आहे, त्याला परत पाठवायचे आहे. म्हणून प्रत्येक कडव्यात नवा दाखला येतो आणि ध्रुवपद निष्कर्षासारखे येते. तेथे युक्तिवाद पुढे सरकतो. वामनदादा कर्डकांच्या (१९२२–२००४) आंबेडकरी गीतांत आणि जलशांच्या एकूण परंपरेत कोरस कधी गेलाच नाही. ६ डिसेंबर १९५६ नंतरचा शोक त्या परंपरेने समूहाच्या कंठातच ठेवला. भावगीताच्या विषादाला ‘मराठी मनाचा विषाद’ म्हणण्याची जी सवय समीक्षेला लागली, तिने या कंठांकडे पाठ फिरवली होती, हे मान्य करावयास हवे.

भावगीताच्या चौकटीत राहूनच या कोंडीतून वाट काढण्याचे प्रयत्न झाले. त्यांतला एक गझलेचा. माधव जूलियनांनी ‘गज्जलांजलि’ने (१९३३) आरंभ केला होता, पण गझलेची आंतरिक शिस्त मराठीत पक्की केली ती सुरेश भटांनी (१९३२–२००३). गझलेत रदीफ पुन्हापुन्हा येते. परंतु प्रत्येक शेर स्वतंत्र असल्याने तिच्यापर्यंत दर वेळी वेगळ्या रस्त्याने यावे लागते. परतणे तेच, वाट निराळी. म्हणून भटांच्या रचनांत कडवटपणा, उपहास आणि व्याकुळता एकाच चालीत शेजारी नांदू शकतात. ‘उंबरठा’ (१९८२) या चित्रपटासाठी हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केलेली ‘सुन्या सुन्या मैफिलीत’ ही रचना लता मंगेशकरांनी गायिली आहे. घर आणि काम यांत विभागलेल्या नायिकेच्या चित्रपटात ती आली आणि तिचा विषाद प्रेमाच्या आठवणीपुरता राहिला नाही. तरीही भटांच्या बाबतीत एक अडचण उरते. शेर टाळी मागतो. मुशायऱ्यातील दाद ही एक प्रकारे ध्रुवपद धरणेच आहे, आणि ती मिळताच संघर्ष जिंकल्याचा आभास निर्माण होतो.

आरती प्रभू (चिं. त्र्यं. खानोलकर, १९३०–१९७६) यांच्या ‘ये रे घना’मध्ये जे साधले आहे ते म्हणूनच अधिक मोलाचे ठरते. आशा भोसले यांच्या आवाजात आणि हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत हे गीत इतके परिचित झाले आहे की त्याची रचना लक्षात येत नाही. पावसाला आवाहन करणारे आनंदगीत म्हणून ते आजही शाळांच्या कार्यक्रमांत गायिले जाते. वस्तुतः त्यात दोन आवाज आहेत. ध्रुवपद मेघाला बोलावते, मन न्हाऊ घाल म्हणते. अंतरा मात्र नको म्हणतो. फुले नाजूक आहेत, वारा ती कुस्करायला टपला आहे. नको म्हणत असतानाच गंध रानावनात निघून गेला. घरदार टाकून नाचण्याची ओढ आहे, आणि तिलाही नकार आहे. तोही टिकत नाही. दूरची वेणू वाजायची ती वाजणारच. शेवटी सोसाट्याचा वाराच बोलावू लागतो.

जे ध्रुवपद इतर भावगीतांत द्वंद्व विझवते, तेच येथे द्वंद्वाचा एक पक्ष झाले आहे. प्रत्येक अंतऱ्यात मन आवरते आणि प्रत्येक ध्रुवपदात सुटते. गीताच्या रूपबंधाला परतणे अटळ आहे; आरती प्रभूंनी ती अटळताच मोहाला बहाल केली. नकार कितीही वेळा उच्चारला तरी गाण्याच्या नियमानेच त्याचा पराभव होणार, हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असते. ‘जोगवा’ (१९५९) हे पहिल्या संग्रहाचे नाव ठेवणाऱ्या या कवीला मागण्यातली आणि संचारातली भीती चांगली अवगत होती. आशा भोसले यांचे गायन त्या भीतीला उत्साहाच्या अगदी जवळ नेते. हा गीताचा दोष नसावा. ज्याला मोह हवासा वाटत नाही त्याचे ‘नको’ ऐकण्यात नाट्यच नसते.

ग्रेस (माणिक गोडघाटे, १९३७–२०१२) यांची कविता गीत होईल असे ‘संध्याकाळच्या कविता’ (१९६७) प्रसिद्ध झाल्यावर फार थोड्यांना वाटले असेल. दुर्बोधतेचा शिक्का तिच्यावर बसलेलाच होता. मात्र तिची लय विलक्षण सुबोध आहे, आणि हृदयनाथ मंगेशकरांनी नेमका तिचाच आधार घेतला. ‘निवडुंग’ (१९८९) या चित्रपटात ग्रेस यांच्या आणि तोवर तेरा वर्षांपूर्वी दिवंगत झालेल्या आरती प्रभूंच्याही कविता गीतरूपात आल्या. त्यांतील ‘ती गेली तेव्हा’ पुष्कळांनी प्रेयसीच्या जाण्याचे गीत म्हणून ऐकले, अजूनही ऐकतात. त्याला कारण पहिल्या ओळीतील सर्वनाम. भावगीताच्या अर्धशतकाने श्रोत्याला शिकवले होते की जाणारी ‘ती’ एकच असते. पुढे गेल्यावर कळते की ती आई आहे, आणि रडणारा अंगणातला मुलगा आहे, ज्याचे बालपण त्या क्षणी संपले. पाऊस पडतो आहे, किरणे मेघांत गुंतली आहेत, खिडकीशी कंदील आहे: निसर्गाने सहानुभूती दाखवावी असा संकेत येथे पाळलेला नाही. सर्व काही आपापल्या जागी चाललेले आहे. वारासुद्धा सावध आहे, आणि या एका विशेषणात मुलाच्या मनातला संशय सामावला आहे.

यानंतर ध्रुवपदाकडे परतताना तीच ओळ तीच राहत नाही. प्रेयसीची ओळ आईची होते. श्रोत्याला आपलेच पहिले ऐकणे खोडावे लागते. संघर्ष असा गीतातून श्रोत्यात सरकतो. रदीफ वेगळ्या रस्त्याने एकाच ठिकाणी आणते, आरती प्रभूंचे ध्रुवपद विरुद्ध पक्ष घेते, ग्रेस यांचे ध्रुवपद मागील अर्थ रद्द करते. तीनही रीतींत पुनरावृत्ती स्थिर राहत नाही.

येथे संगीतकाराची भूमिका नगण्य मानता येणार नाही. यशवंत देवांनी ‘शब्दप्रधान गायकी’चा जो आग्रह धरला त्यात शब्दाचा अर्थ श्रोत्यापर्यंत पोचवणे हे गायकाचे कर्तव्य ठरते, आणि ते रास्तच आहे. हृदयनाथांच्या चाली याच्या थोड्या पलीकडे जातात. त्या अवघड आहेत. स्वरांचे अंतर अनपेक्षित असते, ओळ जेथे संपेल असे वाटते तेथे संपत नाही. वाटव्यांचे गीत ऐकून घरी परतणारा श्रोता ते गुणगुणू शकत असे. ‘ती गेली तेव्हा’ गुणगुणू पाहणारा श्रोता दुसऱ्या ओळीत बहुधा अडखळतो. त्याला ध्रुवपद धरता येत नाही, आणि गाणारा एकटा राहतो.